सतरा किलो

४ नोव्हेंबर
विनिपेगने स्वागत तर झकास केलं. उणे बारा, वर ऊन, आणि इंजिन गोठू नये म्हणून पार्किंगमधली प्रत्येक गाडी वायरने भिंतीला जोडलेली. आजपासून मी लेनोरा, मुलांच्या अतिदक्षता विभागाची फार्मासिस्ट. जुन्या दवाखान्यात गोळ्या मोजून मोजून जीव विटला होता. इथे दहा खाटा आहेत आणि प्रत्येक औषध माझ्या नजरेखालून जाणार. ओक्साना नावाची जुनी नर्स आहे, सात महिन्यांनी निवृत्त होणार. तिने दुपारी घरच्या पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खाऊ घातल्या आणि एकच नियम सांगितला: औषध ज्या नळीतून जातं, तिच्यातून तपासणीचं रक्त काढायचं नाही, दुसऱ्या हाताला टोचायचं. हे मी कॉलेजात असल्यापासून जाणते, पण पेरोगी चांगल्या होत्या म्हणून मान डोलावली.

७ नोव्हेंबर
चार नंबरच्या खाटेवर डार्सी आली. पाच वर्षांची, सतरा किलो. उत्तरेकडच्या खाणगावातून विमानाने आणली, रक्तात जंतू पसरलेत. इतक्या आजारी मुलाचं मूत्रपिंड कधी कधी पिसाळल्यासारखं धावतं. तुम्ही औषध ओतता, ते लघवीवाटे बाहेर फेकतं. विभागाचे डॉ. रेम्पेल जंतूंवरच्या औषधाचा नेहमीचाच डोस देत होते. मी रक्तातली औषधाची पातळी तपासायला लावली. पंधरा हवी होती, आली चार. मी डोस जवळजवळ दुप्पट करायला सांगितला. संध्याकाळपर्यंत ताप उतरू लागला. रेम्पेल सगळ्यांसमोर म्हणाले, की बाई आली ती देवासारखी आली. मी लाजल्याचं नाटक केलं. मनातून फार फुगले होते.

९ नोव्हेंबर
आज दहाला पुन्हा पातळी घ्यायची होती. डार्सीचा मोकळा हात टोचून टोचून काळानिळा पडलाय. सुई दिसली की ती रडतसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे तोंड करते. तिची आई कार्लीन माझ्या हाताला धरून म्हणाली, आज नको, आजचा दिवस नको. मला भरून आलं. मी ओक्सानाला नळीतूनच रक्त घ्यायला सांगितलं. तिने साफ नकार दिला. मी म्हटलं, "पोरीला किती टोचायचं? माझ्या जबाबदारीवर घे." ओक्सानाने ओठ आवळून रक्त घेतलं. नळीत उरलेलं औषध निघून जावं म्हणून आधीचं बरंच रक्त टाकून द्यावं लागतं, पण सतरा किलोच्या पोरीचं रक्त किती वाया घालवणार? मी थोडंच टाकायला लावलं.
पातळी आली एक्केचाळीस. एवढ्या औषधाने मूत्रपिंड जळतं. मी पुढचे दोन डोस बंद केले, त्यापुढचे निम्मे. कार्लीनने माझा हात हातात घेतला. फार बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
डार्सी सकाळी गेली.
दुपारी प्रयोगशाळेची चिठ्ठी पुन्हा काढून पाहिली. तळाशी ओक्सानाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'नमुना औषधाच्याच नळीतून.' नळीतून घ्यायला मीच लावलं होतं, तरी परवा मी फक्त आकडा वाचला होता. ते एक्केचाळीस डार्सीच्या अंगातलं नव्हतंच, नळीतलं होतं. तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं, आणि जे जात होतं तेही मी बंद केलं.
फूटपट्टी धरून चिठ्ठीचा तळ फाडला. कागदाने अंगठा कापला, अगदी जरासा.

१४ नोव्हेंबर
चौकशी झाली. मी सांगितलं, रक्त ओक्सानाने स्वतःच्या मर्जीने नळीतून घेतलं आणि मला कळवलं नाही. आवाजही कापला नाही माझा. ओक्साना एवढंच म्हणाली, "चिठ्ठीवर लिहिलं होतं मी." चिठ्ठी मागवली. तळ नव्हता. तिला आजच घरी पाठवलं. कपाट रिकामं करताना पेरोगीचा डबा तिने माझ्या टेबलावर तसाच ठेवला.
कार्लीन निघण्यापूर्वी भेटायला आली. डार्सीला आवडणाऱ्या, बदकांची चित्रं असलेल्या चिकटपट्ट्यांची डबी दिली. म्हणाली, "शेवटी तिला टोचलं नाहीस, हे मी विसरणार नाही." ती बरोबर बोलत होती. तेच तर केलं होतं मी.

१७ नोव्हेंबर
सकाळी दहाला माझ्या टेबलावर चिठ्ठी. डार्सी, खाट चार, सतरा किलो, पातळी एक्केचाळीस. तळ फाडलेला. जुनीच कोणीतरी ठेवली असणार, पण तारीख आजची आहे. प्रयोगशाळेत फोन केला. म्हणाले, त्या नावाचा नमुना आलाच नाही. खाट चारवर तर आता तान्हं बाळ आहे.
अंगठा ठणकतोय.

१८ नोव्हेंबर
पुन्हा दहाला. एक्केचाळीस. मी ती तुकडे करून फेकली.
अंघोळीच्या वेळी उजव्या कोपराच्या आत बदकाची चिकटपट्टी दिसली. खाली सुईचं ताजं भोक. डबी माझ्या खणात आहे, कुलूप आहे, किल्ली गळ्यात आहे. मोजल्या. एक कमी.

२० नोव्हेंबर
डावा अंगठा काळा. लाल रेघ कोपरापर्यंत. गोळ्या सुरू केल्या होत्या, काही उपयोग नाही. लघवीला सारखं जावं लागतंय. मला माहीत आहे याचा अर्थ. मूत्रपिंड धावतंय—
चिकटपट्ट्या तीन कमी.

२२ नोव्हेंबर
मोठ्यांच्या इस्पितळात भरती. शिरेतून तेच औषध, डार्सीचंच. डावा हात धड नाही, उजव्यातून नळी. पिशवीवरची चिठ्ठी वाचली. माझं नाव. वजन: सतरा किलो.
मी एकाहत्तर किलोची आहे. नर्सला दाखवलं. तिने पिशवी पाहिली, मला पाहिलं, म्हणाली, बरोबर आहे की. वजनाच्या खुर्चीत बसवलं. काटा सतरावर.
आरशात मी मोठीच आहे.

२३ नोव्हेंबर
आज सगळं सांगितलं. चिठ्ठी, तळ, ओक्साना, सगळं. डॉक्टर हसले नाहीत, पण लिहिलंही नाही काही. तापात माणूस स्वतःला दोष देतो म्हणे.
ओक्सानाला फोन लावून घेतला. तिने ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली, "चिठ्ठीवर लिही." फोन ठेवला.

२४ नोव्हेंबर
दहाला एक नर्स रक्त घ्यायला आली. मास्क. तोंड दिसलं नाही. मी डावा हात पुढे केला, म्हटलं इथे टोच, कितीही टोच. तिने नळीच उघडली. थोडंसंच टाकलं. म्हणाली,
"पोरीला किती टोचायचं?"
तळाशी काहीतरी लिहिलं तिने. पाहिलं मी. मग फूटपट्टी धरून—
वर बदक लावलं.

त्याच दिवशी
एक्केचाळीस. डॉक्टर खूश आहेत, म्हणाले भरपूर आहे अंगात. पुढचे दोन डोस बंद.
ते नळीतलं आहे. ओरडून सांगितलं. हात बांधलेत आता, एवढी दोन बोटं मोकळी—
हिशेब सोपा आहे. शेवटचा डोस सकाळी आठ. दोन तासांत निम्मं. मग त्याच्या निम्मं. चारला काहीच नाही उरत.
पायाशी कोणीतरी बसलंय. हलकं आहे. भिंतीकडे तोंड करून—
साडेतीन.
वळतेय ती—
तिच्या हातात बदकांची डबी, आत आता एकच