दुसरीच्या पाठीवर

ताई, नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. छकुलीचा खोकला गेला का?

इथल्या जंगलात सरांच्या हाताखाली मी ज्या कोळ्याचा अभ्यास करते, तो जाळं विणत नाही, पाचोळ्यात राहतो. डोळे आठ, त्यांतले दोन मोठे. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते.

काल माझ्या हातून एकीची पिल्लं दुसरीच्या डबीत पडली. ती लगेच तिच्या पाठीवर चढली, तिनेही खुशाल चढू दिली. दुपारभर मी कुंचल्याने एकेक सोडवत बसले. सर हसले, "अहो बाई, त्यांना काही फरक पडत नाही."

परवा फोनवर छकुलीने तुला आई म्हणून हाक मारली. तूही ओ दिलीस. तू तिचं सगळं करतेस, जाणते मी. पण तिला रोज सांगत जा, तू मावशी आहेस.

तुझी,
धाकटी