मागच्या चाकातली हवा

२ जानेवारी, सकाळी ७
निर्णय पक्का. पंचवीस तारखेला ट्रॅक डे. आयुष्यातला पहिला, वय बावन्न. ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बायको जाऊन आठ महिने झाले, तू धड भाजी आणायला बाहेर पडत नाहीस आणि रेसला निघालास? रेस नाही, ट्रॅक डे: आपापली मोटरसायकल रेसच्या ट्रॅकवर चालवायची, नंबर काढायचे नाहीत. फरक समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि अट घातली. तो दिवस नीट पार पडला तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर घराला कुलूप लावून तिच्याकडे राहायला जायचं. कबूल केलं. मी एकटा व्यवस्थित आहे हे दाखवायची आयतीच संधी.

५ जानेवारी
टायरचा अभ्यास. अकरा टायर, नऊ निकष, एक तक्ता. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, ऑडिट आलंय का? हो म्हणालो. बोलणं तिथेच संपलं. वेळ वाचला.

८ जानेवारी
तक्त्यात पहिला आला मऊ स्पोर्ट टायर. पकड उत्तम, आयुष्य कमी. ट्रॅकसाठी हाच. यात आता बदल नाही.

१० जानेवारी, संध्याकाळी
बदल केला. टायरवाल्याने विचारलं, मागे कोणी बसतं का? ही बसते, म्हणालो. मग तो म्हणाला, दोघांच्या वजनाला मऊ टायर टिकणार नाही, लांब पल्ल्याचा, कडक टूरिंगचा घ्या. सल्ला तर्कशुद्ध होता. घेतला. निघताना म्हणाला, नवा टायर निसटतो, पहिले दीडशे किलोमीटर वळणांवर हळूहळू घासून घ्या, आणि वहिनींनाही घट्ट धरायला सांगा. सांगतो, म्हणालो. घरी आल्यावर वाटलं, खुलासा करायला हवा होता. पण दुकानात गर्दी होती. त्याचा वेळ उगाच कशाला घ्या.

१३ जानेवारी, सकाळी ६:३०
टायर घासण्याचा कार्यक्रम सुरू. रोज तीस किलोमीटर. ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठच्या आकारात फेऱ्या मारल्या. वॉचमनने विचारलं, साहेब, काही पडलंय का? नाही म्हणेपर्यंत तो खाली वाकून शोधायला लागला होता. मग मीही शोधलं. दहा-पंधरा मिनिटं दोघं शोधत होतो. सकाळ चांगली गेली. एकूण चार किलोमीटर.

१९ जानेवारी
दीडशेपैकी बावीस झाले. टायरच्या कडा अजून कोऱ्या, वरचे रबराचे केससुद्धा शाबूत. थंडीमुळे असावं.

हवा तपासली. गाडीवर कंपनीचा स्टिकर आहे: एकटा असेल तर मागे छत्तीस, दोघं असतील तर बेचाळीस. माझ्या मागच्या चाकात बेचाळीस. दर रविवारी न चुकता भरतो. शिस्त मोडलेली नाही, ही जमेची बाजू.

२२ जानेवारी
ताईचा फोन. काय जेवलास, विचारलं. टायरबद्दल सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, मी जेवणाचं विचारतेय रे.

२५ जानेवारी, दुपारी
आरशांवर चिकटपट्टी लावायची असा नियम. ट्रॅकवर मागे बघायचं नसतं. लावली. तपासणी करणाऱ्याने मागच्या चाकाला गेज लावला आणि माझ्याकडे बघितलं. "काका, बेचाळीस? एकटेच आहात ना?" उत्तराची वाट न बघता त्याने वॉल्व्ह दाबला. ट्रॅकवर कमी हवेतच पकड मिळते म्हणत तीसवर आणली. बराच वेळ हवा जात होती.

गाडी मागून खचल्यासारखी वाटली. ही रिस्क नको. शेडमागे नेऊन पायपंपाने पुन्हा बेचाळीस केली. सुरक्षिततेसाठी.

तिसऱ्या वळणावर मागचं चाक निसटलं. वेग जेमतेम पंचेचाळीस. एक इंडिकेटर फुटला, मला काही झालं नाही. उठायच्या आधी मागे वळून विचारलं, "लागलं का गं?"

झेंडा घेऊन धावत येणारा मिशीवाला मार्शल जागीच थांबला. "मला कशाला लागेल? पडलात तुम्ही."

मग मी बघत होतो तिकडे त्यानेही बघितलं. तिकडे गवत होतं. तो पुढे आला आणि झेंडा खाली ठेवून माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागला. माझ्याच्याने सुटत नव्हता.

संध्याकाळी ६
ताईने फोन केला. कसं झालं, विचारलं. छान झालं असं सांगायचं ठरवलं होतं. ती दोनदा हॅलो म्हणाली.

तुझ्याकडे गाडी लावायला जागा आहे ना, एवढंच विचारलं.

"कधीचीच झाडून ठेवलीय," म्हणाली.