चौथा हात

अब्बा, उद्या जुम्मा आहे, आणि नमाज झाल्यावर मला सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचंय की आपले इमामसाहेब आता जाणार. ओझरला कारखान्यात रजा टाकली, चहा दोनदा गार केला, आणि शेवटी तुमची सून म्हणाली, बरं नसेल तर दवाखान्यात चला, बरं असेल तर निदान एका जागी बसा. म्हणून बसलोय. घरात आपण सगळे आपली हिंदी बोलायचो, पण तुम्ही मला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत घातलंत, त्यामुळे मनातलं लिहायचं म्हटलं की हात मराठीकडेच वळतो. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हती फारशी. आता त्यानं काय फरक पडतो म्हणा.

तुमच्यानंतर जमातीचे दोन सदर झाले आणि मग माझं नाव आलं. जमातीची बांधणी तुम्ही ठेवून गेलात तशीच आहे. सहा गल्ल्यांचे सहा पंच, त्यांच्यावर प्रमुख म्हणून सदर. निकाह, तलाक, मयत, मशिदीची डागडुजी, भावाभावांची भांडणं, सगळं आधी यांच्यापुढे. पद मागेल त्याला पद द्यायचं नाही ही रीतही तशीच आहे. मी मागितलं नव्हतं, एवढीच काय ती माझी लायकी. लोकांना वाटलं, शिंप्याचा मुलगा आहे, बापासारखा सांधून घेईल. कसलं काय!

तुमचं भद्रकालीतलं दुकान मला अजून दिसतं. गळ्यात टेप घालून तुम्ही उभे आहात, समोर कुठल्यातरी गल्लीचे पंच हात पसरून उभे. तुम्ही खांद्याचं माप घेताय आणि सहज विचारल्यासारखं विचारताय, त्या अमक्याच्या मुलीचं काय करावं म्हणता? तो बोलतो, तुम्ही हं हं करता. दुसऱ्या दिवशी दुसरा पंच पायजमा घेऊन येतो. बैठक भरेपर्यंत तुम्हाला सगळ्यांचं पोटातलं ठाऊक झालेलं असायचं, आणि बैठकीत सगळ्यात धाकट्या पंचानं आधी बोलायचं, सदरानं सगळ्यात शेवटी. म्हणजे मोठ्यांचं ऐकून धाकट्याला जीभ आवरावी लागायची नाही. मला ते सगळं फार वेळखाऊ वाटायचं. मला नोकरी लागली त्या वर्षी तुम्ही मला बैठकीला नेलंत. कब्रस्तानाच्या भिंतीवरून वाद लांबला होता, आणि मी शहाणा, मध्येच म्हणालो, हात वर करा ना, दोन मिनिटांत निकाल लागेल. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणालात, "आणि ज्यांचा हात खाली राहिला, त्यांच्या घरी उद्या मयत झाली तर खांदा द्यायला कोण जाईल? तू?" रागच आला होता मला तुमचा.

इमामसाहेबांचं असं झालंय की ते विसरतात. सूर्य मावळल्यावरच्या मगरिबच्या नमाजेत तीनच रकात, म्हणजे तीनच आवर्तनं असतात हे लहान मुलालाही माहीत असतं, तर ते चौथीला उभे राहिले. मागून खाकरलं, तरी कळलं नाही. एकदा कुराणातली सूरा म्हणताना अर्ध्यावर सुटली आणि ते नुसते उभेच राहिले. मागे आम्ही सगळे उभे, वर पंखा फिरतोय. तरुण पोरं म्हणतात, आमच्या नमाजेचं काय? बरोबर आहे. म्हातारे म्हणतात, ज्यानं जन्मल्याबरोबर तुमच्या कानात अजान दिली, त्याला रस्त्यावर काढणार का? तेही बरोबर आहे. त्यांना मालेगावकडून तुम्हीच आणलंत, तेव्हा त्यांना नीट दाढीही फुटली नव्हती म्हणे. बायको वारली, मूलबाळ नाही, मशिदीत वजूसाठी हातपाय धुतात त्या हौदावरची ती खोली हेच घर. नवे इमाम आले की खोली त्यांना द्यावी लागणार. मग हे कुठे जाणार, याचं उत्तर एकाही पंचाकडे नाही आणि माझ्याकडे तर नाहीच.

मला गल्लोगल्ली फिरायला हवं होतं. शिफ्ट, थकवा, उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत बैठकीचा दिवस उजाडला आणि कुणाच्या मनात काय आहे हे मला माहीतच नव्हतं. मशिदीमागच्या खोलीत बसलो. धाकट्यांनी सुरुवात केली, थोरल्यांनी त्यांना तोडलं, दोघे उठून उभे राहिले. भीतीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "नवे इमाम आणायचे म्हणणाऱ्यांनी हात वर करा." तीन हात वर गेले. तीन मांडीवरच राहिले. बरोबरी झाली, आता सदरानं बोलायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तेवढ्यात दारातून इमामसाहेब आले, नेहमीसारखा सगळ्यांचा चहा घेऊन. ट्रे खाली ठेवला, वर गेलेले हात पाहिले. "काय ठरतंय, सदरसाहेब?" म्हणाले. ज्यांनी मला अलिफ-बे शिकवलं, ते मला सदरसाहेब म्हणतात. मग त्यांनीही हात वर केला. "जमातीचं जे असेल, त्यात मी आलोच," म्हणाले.

त्यांना कळलं होतं का, मला सांगता येत नाही. मी एवढंच म्हणालो, चार झाले. सहापैकी एकाही पंचानं मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. चहा घेतला सगळ्यांनी. तेव्हापासून त्या दोन बाजूंचे लोक मशिदीत वेगवेगळ्या सफीत, म्हणजे वेगवेगळ्या रांगांत उभे राहतात, आणि पलीकडच्या गल्लीत वेगळी जमात करायची बोलणी चालू आहेत असं ऐकतो. उद्या मी घोषणा केली की ते नक्कीच. नाही केली तर पोरं उठतील.

दुपार उतरली, असरच्या नमाजेची वेळ होत आली. अजूनही पंचांची चार घरं फिरून होतील, उद्या उभं राहून म्हणताही येईल की इमामसाहेबांचा तो हात धरायचा नव्हता, आता सदराचा हात मोजा. पण मग माझा हात कुठे जाईल, हे मला ठाऊक आहे, अब्बा, आणि हे पत्र पाठवायला पत्ता नाही याचं त्यामुळेच बरं वाटतंय. मलाही नवे इमाम हवे होते. फक्त माझा हात कुणाला दिसायला नको होता.