एकोणचाळीस शिलिंगांचा हंडा

अण्णा, बेगम बाजारातला तो तांब्याचा हंडा तुम्हाला आठवतो का? मी तेव्हा पाचवीत होते. शाळा सुटली की तुमच्या भांड्यांच्या दुकानात येऊन बसायची. गिऱ्हाईक आलं की तुम्ही हंड्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचात आणि म्हणायचात, "ऐका." नाद लांबत जायचा. चिरलेलं भांडं नुसतं 'ठप' करतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले. खऱ्या मालाला खोटं म्हणायचं नाही आणि खोट्याला खरं, हा तुमचा खाक्या सगळ्या बाजाराला ठाऊक होता.

त्या दिवशी एक पोलीस आपल्याच दुकानातल्या हमालाची मानगूट धरून आत येतो. दुसऱ्या हातात हंडा. "क्या सेठ, ये तुमाराच है ना? कित्ते का है?" हमाल खाली मान घालून उभा आहे. तुम्ही हंडा मांडीवर घेता, डावा तळवा त्याच्या पोटाला घट्ट दाबून धरता आणि उजव्या हाताने टकटक करता. ठप. "फूटा सो माल है साब. भंगार में डालने का था. मैंच बोला उसकू, ले जा बोलके." मी ओरडले, "अण्णा, नवा आहे तो! कालच तर आलाय!" माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "तुला कोणी विचारलं? घरी जा." पोलीस चहा पिऊन गेला. मग तुम्ही हमालाला असं काही फैलावर घेतलंत की मला ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायची किल्ली त्याच्याच हातात!

मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. माझे वडील पोलिसाला घाबरून खोटं बोलले, हे मी मनात धरलं ते धरलंच. हट्टीपणात तुमच्यावरच गेलेय ना.

आता काचीगुड्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. यंदा माझ्या वाट्याला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधले पोलीस आणि शिक्षा हा भाग आला. शतकाच्या सुरुवातीला तिथे राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तर फाशी होती. गुन्हा ठरवायला ज्युरीत बसायचे दुकानदार, कारागीर अशी साधी माणसं. देवाची शपथ घेऊन ही माणसं चोरीच्या मालाची किंमत लावायची एकोणचाळीस शिलिंग. रोख नाणी चोरलेली असली तरी एकोणचाळीसच! वर्गात मुलं खदखदून हसली. मी मात्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटलं आणि मला हंड्याचा नाद दाबणारा तुमचा तळवा आठवला. पुढे फाशीचे कायदे एकेक करून रद्द झाले, रस्त्यावर निळ्या कोटातले पोलीस आले (निळा, कारण लाल म्हटलं की लोकांना फौज आठवायची), एकेका कैद्याला वेगळी कोठडी देणारे प्रचंड तुरुंग उभे राहिले. एवढं मोठं यंत्र शंभर वर्षांच्या आत उभं राहिलं, थक्कच व्हायला होतं. पण मला त्याहून थोर वाटतात ते दुकानदार. कायदा समोर आणि शपथ डोक्यावर असताना एका अनोळखी माणसाच्या गळ्यासाठी ते एक शिलिंग कमी मोजतात. अण्णा, तुम्ही इंग्लंडचा इतिहास कधी उघडूनही पाहिला नसेल. तरी तुमचा डावा तळवा त्यांच्याच पंगतीत बसतो.

गेल्या आठवड्यात तुम्ही माझ्या लग्नात केलेल्या पाटल्यांपैकी एक नाहीशी झाली. पोळ्यांना येणाऱ्या मुलीने उचलली होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. फीसाठी घेतली म्हणे, खरंखोटं देव जाणे. माझ्या मुलाने घरातल्या कॅमेऱ्यात बघितलं आणि मला न विचारता पोलिसांना फोन केला. इन्स्पेक्टर बाई त्या मुलीला आणि पाटलीला घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मॅडम, असली सोना हैच ना?" केस झाली की त्या पोरीचं नर्सिंग संपलं, हे सगळ्यांनाच कळत होतं. मी पाटली मुठीत घट्ट धरली. "नहीं, मुलामा है. मैंच दी थी उसकू, पहन बोलके." मुलगा मध्येच म्हणाला, "अगं आई, ती तर आजोबांनी..." आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "तुला कोणी विचारलं? आत जा." इन्स्पेक्टर बाई ग्लासभर पाणी पिऊन निघून गेल्या.

तुमच्या सोन्याला खोटं म्हणताना जीभ अडखळली, अण्णा. माझा हा अपराध पोटात घाला. हे पत्र तरी कुठल्या पेटीत टाकणार? घडी करून पाटलीच्या डबीतच ठेवते. ती मुलगी आजपासून पुन्हा पोळ्यांना आली आहे. मी कपाटाला नवं कुलूप लावून घेतलं. तुम्ही त्या हमालाच्या हातात दुसऱ्याच दिवशी किल्ली दिली होतीत. तिथवर मी अजून पोचलेली नाही.