सातव्या मिनिटाची नोंद

आई, तू जाऊन दहा वर्षं झाली. तुझं मनगट मोडलं त्या दुपारबद्दल मी घरात सांगितलं ते खोटं नव्हतं, पण पुरतं नव्हतं. सिरिंज दाबताना मोडलं, एवढंच सांगितलं. सगळ्यांनी वयाला दोष दिला, तूही दिलास.

नागपूरच्या प्रयोगशाळेत मी काय करते, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. हाडातली पोकळी भरायचा लेप. पांढरी भुकटी द्रवात कालवायची, सिरिंजमध्ये भरायची, सुईतून हाडात सोडायची. तिथे तो दगडासारखा होतो. पण थांबलं तर तो सिरिंजमध्येच घट्ट होऊ लागतो, आणि जोर लावला की पाणी पुढे निघून जातं, भुकटी मागे बसते. सिरिंज दाबणाऱ्या यंत्रावर माझा लेप छान निघायचा. सर्जन म्हणाले, "ऑपरेशन यंत्र करत नाही, मॅडम. हातानं दाबून दाखवा." म्हणून दिवाळीत सामान घेऊन मी पांढुर्ण्याला तुझ्याकडे आले. हात माझेही होते. पण मला तुझे हवे होते, आणि का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मी बारा वर्षांची असताना तू मला पहिल्यांदा सोऱ्या दिलास. चीक निवत गेला, दांडा हलेना, कुरडयांचे तुकडे पडले. ते तू वेगळ्या खाटेवर वाळत घातलेस आणि गल्लीतल्या बायांना बोलावलंस. "पाहा वं, आमच्या पहिल्या नंबरवालीचं काम! हात हायेत का केळीची सालं?" सगळ्या हसल्या. तुझी कुरडई एका तारेची असायची. सोऱ्या सुरू केला की मध्ये हात थांबवायचा नाही, हा तुझा नियम.

त्या दुपारी तू ओट्यापाशी उभी आहेस. "काय कालवून राहिली वं? चुना?"

"हाडात भरायचं औषध."

"मंग माह्या गुडघ्यात भरशीन का एखांद्या दिवशी?"

"आधी बाहेर तर निघू दे."

पहिल्या दोन सिरिंजा तू हसत रिकाम्या करतेस. तिसरी मी भरते आणि हातात धरून ठेवते. सहा मिनिटं होऊ देते, मग तुला देते. थोडी तार येते, मग नुसतं पाणी. तुझी हाडं ठिसूळ झाल्याचं सौंसरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. तो रिपोर्ट माझ्याच पर्समध्ये आहे.

"पाणीच येऊन राहिलं वं."

"जमत नसेल तर राहू दे."

या वाक्यानं तू काय करशील, ते मला माहीत होतं. म्हणून तर बोलले.

"मले काऊन नाही जमणार? सुरू केलं का अर्ध्यात सोडाचं नसते." तू सिरिंज ओट्यावर उभी धरलीस, दांड्यावर तळवा ठेवलास आणि सगळं अंग टाकलंस. आवाज लहानसा आला, तुरीची शेंग मोडावी तसा.

ते मनगट पुन्हा सरळ झालं नाही. सोऱ्या तू शेजारणीला देऊन टाकलास. प्लास्टर पाहायला येणाऱ्या बायांना सांगायचीस, "पोरीच्या कामात हात मोडला, वाया नाही गेला." मी आत चहा करत ते ऐकायचे. एकदाही बाहेर येऊन तुला थांबवलं नाही.

हे मी त्या दुपारच्याच जुन्या नोंदवहीत लिहिते आहे, म्हणजे कोणाला वाचायला देण्याचा प्रश्न नाही. मागच्या पानावर तिसऱ्या सिरिंजची ओळ आहे: सातवं मिनिट, हाताने अशक्य. तू ओरडलीस तेव्हा मी आधी घड्याळ पाहिलं, ती ओळ पूर्ण केली, आणि मग तुझ्याकडे वळले. अक्षर जराही हललेलं नाही.