राजाची उडी

बाबा, माझी मुलगी आता बुद्धिबळाच्या क्लासला जाते. काल तिनं विचारलं, तुला कुणी शिकवलं? म्हटलं, माझ्या बाबांनी, सुरतेला.

पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलला सुट्टी असली की तुम्ही कोऱ्या कापडावर आखलेला पट अंथरायचात. धुवून धुवूनही बोटं निळीच असायची. खेळ गावाकडचा: प्यादं पहिल्यापासून एकच घर चालणार, आणि शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी. शाळेत सरांनी नवे नियम शिकवले, तेही मला पाठ होते. पण हात तुमच्याच वळणाचा राहिला.

त्या निवड स्पर्धेचा शेवटचा डाव. जिंकले तर राज्याच्या संघात. मी एकेक घर प्यादी सरकवतेय, समोरची मुलगी गालात हसतेय. हळूहळू तिचं हसू मावळतं. डाव माझ्या बाजूला झुकलाय. प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून उभे. आणि मी राजा उचलते, उडी मारून सुरक्षित घरात ठेवते. तुम्ही खुशीत मान डोलावता. त्या सभागृहात ती चाल बरोबर वाटलेली आपण दोघंच होतो, बाबा.

पंच आले. "बेटा, आवी चाल नथी. राजाने हाथ लगाड्यो छे, राजा ज चलाववो पडशे." उडी नियमात नव्हती, आणि हात लावलेला राजाच हलवायचा, म्हणून तो एक घर उघड्यावर सरकवावा लागला. थोड्याच चालींत मात झाली.

रिक्षात मी रडत होते. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "माह्यामुळं हरली तू. आता माह्यासंगं नको खेळू, तुहा हात बिघडन." घरी येऊन पट गुंडाळून माळ्यावर टाकलात. मी किती विनवलं, पण तुम्ही तो पुन्हा काढला नाहीत. पुढे मी पुष्कळ डाव जिंकले. तुम्ही प्रत्येक वेळी पेढे आणलेत, पण समोर बसला नाहीत. त्या एका हरण्यात माझा खेळगडी गेला, आणि याचा राग मला अजून येतो, तुमच्यावरच येतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. मुलगी शाळेत गेली की मी, तुम्ही गेल्यावर माळ्यावरून काढलेला तुमचा पट अंथरते आणि दोन्ही बाजूंनी एकटीच खेळते. तुमचं प्यादं एकच घर सरकवते. तुमच्या राजाला उडी मारू देते. आणि बाबा, दरवेळी तुम्हालाच जिंकवते.