भरल्या पोटी

आई,

आज सकाळी काकूकडे जाऊन आलो. तुझ्या धाकट्या जावेकडे, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात. तुझ्या हयातीत आपण ज्या दाराकडे मान वळवून पाहिलं नाही, ते मी वाजवलं. रागावू नकोस, आधी ऐकून घे. तुझ्यासमोर मला एक वाक्य कधी पुरं करता आलं नाही.

आपला तांबडा कुत्रा तुला आठवत असेल. बाबा मोटरसायकलवर केळीच्या बागेकडे निघाले की तो मागे धावायचा, आपल्या लालबागच्या घरापासून थेट मळ्यापर्यंत. आणि तुझा नियम असा, की उपाशी पोटी या घराचा उंबरठा कुणी ओलांडायचा नाही. पाहुणा असो, मजूर असो, नाहीतर कुत्रा. बाबांनी किक मारली की तू दूध-भाकरीच्या काल्याची परात त्याच्यापुढे सरकवायचीस. तो गपागप खायचा, वर मनसोक्त पाणी प्यायचा आणि धूम ठोकायचा. बाबा कुरकुरले तर तू म्हणायचीस, "तुमी खाऊन जाता ना? मग त्याला काय पेट नाही?"

त्या दिवशी त्याला केळीच्या ट्रॉलीत घालून परत आणलं. अजून दिसतं मला. पोट टणक फुगलंय, तो ओकायला बघतोय आणि बाहेर नुसता फेस येतोय. त्याला बसवत नाही, उभं राहवत नाही. तू मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकतेस. दुपारी तो गेला. आदल्याच दिवशी त्याने काकूचे वाळत घातलेले पापड तुडवले होते आणि ती ओरडली होती, "मरत पण नाही मेला!" तुला तेवढं पुरलं. तिनेच विष घातलं, हे तू साऱ्या गल्लीला ऐकवलंस, आणि मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस.

आता माझ्याकडेही एक धिप्पाड कुत्रा आहे. माझी मुलगी त्याला सकाळी नदीवर राजघाटाकडे पळायला नेते. त्याआधी त्याला भरपेट खाऊ घालायचो तो मीच. तुझाच मुलगा ना! मागच्या आठवड्यात तो पळून आला आणि डोळ्यांसमोर तेच सगळं सुरू झालं. तसाच उचलून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं म्हणून वाचला. पोटाला पीळ पडला होता. ते म्हणाले, "मोठ्या छातीच्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवायचं नाही. जेवण झालं की दोन-तीन तास आराम. पळून आला तर आधी धाप उतरू द्या, पाणी थोडं थोडं, खाणं नंतर." मी त्यांना तांबड्याचं सांगितलं. पाहिल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण विषापेक्षा हेच असावं, असं ते म्हणाले. घरी येताना मला तुझा भयंकर राग आला. मग त्या परातीवरून फिरणारा तुझा हात आठवला आणि रडू आलं.

काकू दाराशी बसून लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. सोलता सोलता म्हणाली, "आता काय करू बेटा मी ह्याचं? तुझी आई बीमार होती तेव्हा मी दोनदा तुमच्या दारापर्यंत आली. वापस गेली. वाटलं, माझ्या हातचं पाणी पण नाही पिणार ती."

मला बसवेना. उठलो तर तिने हात धरला. "चहा तर पी. असा उपाशी पोटी नको जाऊ." आई, अगदी तुझाच सूर. एकाच सासूच्या हाताखाली शिकलात ना दोघी. मी बसलो, चहात खारी बुडवून खाल्ली.

आज आमच्या कुत्र्याची वाटी मी फिरून आल्यावर, त्याची धाप पुरती उतरल्यावर भरली. तोवर तो वाटीपाशी बसून माझ्याकडे बघत होता आणि मला अपराध्यासारखं वाटत होतं. तुझा नियम असा हाडात मुरलाय.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एक खरं लिहून टाकतो. तू असतीस, तर डॉक्टरांचं बोलणं मी तुझ्या कानावर जाऊ दिलं नसतं. काकूवरचा विषाचा आळ तसाच राहू दिला असता.